लाल कपाटातले नारळ

तो मंगळवार होता. इस्राएलमधल्या रामल्यातल्या नव्या सातमजली बिल्डिंगची तपासणी करायला फायर ब्रिगेडचा इन्स्पेक्टर येणार होता.

गोष्ट जुनी आहे, नव्वदच्या दशकाच्या शेवटची. मी त्या कॉन्ट्रॅक्टरच्या साइट ऑफिसात कागदपत्रं सांभाळायचे. आणि त्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला, माझ्या आईनं फ्लॅट घेतला होता.

इथं इमारत कितीही चकाचक उभी राहू दे, 'तोफेस आर्बा' म्हणजे चार नंबरचा फॉर्म मिळाल्याशिवाय कुणाला राहायला जाता येत नाही. आणि फायरवाल्याची सही नसेल तर तो फॉर्म नाही. बाकीचे कागद तयार होते, सही झाली की संध्याकाळपर्यंत किल्ल्या देतो, असं कॉन्ट्रॅक्टरनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आईला जुनं घर रविवारी रिकामं करून द्यायचं होतं. तिची भांडी खोक्यांत गेली होती, गाद्या बांधून ठेवल्या होत्या... आणि ती स्वतः सकाळी सातलाच माझ्याबरोबर साइटवर हजर!

आम्हा ज्यूंमध्ये मंगळवार नव्या घराला चांगला. त्यात आईनं एलियाहू हनाबीला, आमच्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलला होता. किल्ली हातात पडली की त्याच तासाला नव्या घरात गोड पोहे, खोबरं, खजूर, फळं ताटात मांडायची आणि प्रार्थना म्हणायची, असं तिचं ठरलेलं.

तिची पिशवी मीच उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेली. चांगलीच जड होती. "आई, फ्लॅटला कुलूप आहे, ही कुठेतरी बाजूला ठेव आणि खाली ऑफिसात येऊन बस," एवढं सांगून मी फाइल आणायला पळाले. कुठे ठेवतेस, हे विचारायचं मला सुचलं नाही. आजही त्यासाठी स्वतःला चार शिव्या घालते.

इन्स्पेक्टर दहाला आला. उंच, बारीक, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही असा. त्याच्या मागे फाइल घेऊन मी, आणि माझ्या मागे घाम पुसत कॉन्ट्रॅक्टर.

त्यानं पंप चालू करून बघितला. पुढच्या जिन्यावरच्या लाल कपाटांतले होजपाइप ओढून बघितले, पाणी धो धो आलं. मागच्या जिन्याचा फक्त तळमजला बघितला, तिथंही आलं. दिवे, दरवाजे, धुराचे अलार्म... सगळं ठीक. सातव्या मजल्यावर त्यानं खिशातून पेन काढलं तेव्हा मी मनात म्हटलं, कर रे बाबा, इथंच कर सही!

पण तो म्हणाला, खाली जाऊन करतो. आणि मागच्या जिन्यानं उतरायला लागला.

तिसऱ्या मजल्यावर लाल कपाटाचं दार नीट लागलेलं नव्हतं. बोटभर फट. त्यानं ते उघडलं. होजपाइपच्या भेंडोळ्यावर आईची पिशवी होती! एक नारळ दाराला टेकून बसला होता. पोह्यांची पुडी, खजूर, केळी, सगळा मलिद्याचा थाट.

"हे कुणाचं?" त्यानं हिब्रूत विचारलं. कॉन्ट्रॅक्टर माझ्याकडे बघायला लागला. खोटं बोलायला तोंड उघडलं खरं, पण निघालं ते, "माझ्या आईचं."

त्यानं पेन खिशात ठेवलं. नारळ एकेक करून अगदी हलक्या हातानं जिन्याच्या पायरीवर मांडले आणि सगळा पाइप बाहेर ओढून नळ फिरवला.

फुस्स... नुसती हवा. मागोमाग गंजाचं दोन चमचे पाणी. आणि मग तेही बंद.

मग त्यानं चौथा बघितला, पाचवा बघितला. कोरडे ठाक. मागच्या जिन्याची लाइन दुसऱ्या मजल्याच्या वर जोडलेलीच नव्हती! पाइप भिंतीत गेला होता, पण खालच्या पाइपला मिळालाच नव्हता.

सही झाली नाही. कॉन्ट्रॅक्टर माझ्यावर असा ओरडला, जणू पाइप मीच तोडला होता. मी ऑफिसात येऊन रडले. नोकरी गेली असं वाटलं, आणि आईला तोंड कसं दाखवू तेही कळेना.

आई मात्र पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "माज्याच दाराजवळ कपाट दिलेलान, म्हटलं माजंच असंल," ती म्हणाली. मग हळूच, "गो, पानी नव्हतं काय त्याच्यात?"

"नव्हतं."

ती गुडघे चोळत राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला एक जिना उतरायला पाच मिनिटं लागायची. आग लागली असती तर ती पळणार नव्हती. कुणीतरी पाणी घेऊन तिच्या दारापर्यंत यायला हवं होतं... आणि तिच्या दाराशी पाणीच नव्हतं.

तीन आठवडे आई तिच्या खोक्यांसकट आमच्या हॉलमध्ये राहिली. नोकरी वाचली. मग पुन्हा एका मंगळवारी तोच इन्स्पेक्टर आला, तडक तिसऱ्या मजल्यावर गेला आणि नळ फिरवला. पाण्याचा असा झोत आला की आमचे सगळ्यांचे बूट भिजले. सही झाली.

संध्याकाळी नव्या घरात मलिदा झाला. आईनं इन्स्पेक्टरचा वाटा बाजूला काढून ठेवला होता, पण तो कधीच निघून गेला होता. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी त्या माणसामागे सात मजले मनात एकच धावा करत फिरले होते, कर रे बाबा सही. त्यानं केली नाही. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले... आई त्या घरात पुढं अकरा वर्षं निवांत झोपली.