भिंत चाखणारे व्याही

आमच्या व्याह्यांइतका भिंतींवर जीव असलेला माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडायचा नाही. आणि त्यांच्याइतक्या भिंती पोटात गेलेला माणूस तर पृथ्वीच्या पाठीवर नसेल. कोणाकडेही गेले की ते आधी भिंतीला बोट लावतात, मग ते बोट जिभेला, आणि त्यानंतर पाण्याचा पेला घेतात. घरातल्या माणसांची चौकशी मागाहून. माझ्या लेकीच्या लग्नाची बोलणी करायला ते आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा मी भिंतींना नुकताच गुलाबी रंग दिला होता, खिडक्यांना झालरीचे पडदे लावले होते आणि पडद्यांना शोभेल अशी साडी नेसून बसले होते. त्या काळी मला सगळं एकमेकांना शोभणारं लागायचं. सोफ्याशेजारी बरा दिसेना म्हणून सासूबाईंचा शिसवी पाट भंगारात देऊन मी प्लॅस्टिकची फुलं आणली, इतकी मी सुधारलेली! व्याह्यांनी पोह्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंत चाखली, डोळे मिटले आणि म्हणाले, "विहीणबाई, तुमची भिंत खारी हाय. बिल्डरनं खाडीची रेती घातली."

लग्न ठरायच्या आधीच मी विहीणबाई झाले होते, आणि माझं घर खारट. "पोहे घ्या, त्यात मीठ बरोबर आहे," मी म्हटलं. लग्न झालं, पण तो अपमान मी दागिन्यासारखा जपून ठेवला.

त्यांचंही एका अर्थी बरोबर होतं म्हणा, कारण त्यांचा सगळा जन्मच मिठातला. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरातलं. मिठागरं गेली, आजूबाजूला टॉवर आले, भावकी त्या टॉवरांत राहायला गेली, आणि खाडीकाठी मागे उरलं ते आजोबांनी बांधलेलं मिठाचं कोठार. दगडी भिंती, वर कौलं. त्याचं घर करून तिथेच राहायचं, हा व्याह्यांचा हट्ट. "मीठ गेलं म्हणून कोठारानं पण जायचं?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. बैलगाडी आत यायची त्या दाराला त्यांनी काच लावून बैठकीची खिडकी केली. ज्या तुळईला मीठ तोलायचा तराजू टांगत, तिचा लोखंडी आकडा त्यांनी घासूनपुसून तसाच ठेवला. "पाळण्याला होईल," असं ते सुनेकडे न बघता म्हणाले, तेव्हा माझी लेक लाजून आत पळाली. पोटुशी होती ती.

अडचण भिंतींची होती. जन्मभर मीठ प्यायलेल्या त्या भिंती. गिलावा केला की भाजलेल्या पापडासारखा फुगून गळून पडे. व्याह्यांनी त्यावर पोटिसाचा उपाय काढला, गळवावर बांधतात तसं. शाडू आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा भिंतीला थापायचा, वाळताना त्यानं मीठ ओढून घ्यायचं, मग तो खरवडून पुन्हा नवा थापायचा. मी खोडसाळपणे फोन करून विचारी, "पेशंट कसा आहे?" ते अगदी गंभीरपणे सांगत, "दक्षिणेकडची पथ्यावर आलीय. उत्तरेकडची अजून ऐकत नाय."

कोठारात धाकट्या भावाचाही वाटा होता, आणि त्याच्याकडे बिल्डर रोज खेपा घालत होता. एक दिवस तो म्हणाला, "दादा, यंदाचा गणपती कोठारात बसव. भावकी येईल. भिंतीचा एक जरी पोपडा पडला, तर टॉवरला सही करायची. कबूल?"

"कबूल," व्याही म्हणाले. शेवटचं पोटीस काढून त्यांनी चुन्याचा गिलावा करवून घेतला आणि पावसाळाभर त्याला नुसतं चाखत राहिले.

गणपतीच्या तोंडावर ते दोन दिवस मूर्ती आणायला पेणला गेले, आणि तेवढ्यात आमच्या जावयानं वडिलांना सुखद धक्का म्हणून मखरामागच्या भिंतीला चकचकीत प्लॅस्टिक पेंट मारला. मला तो फार आवडला. चकचकीत म्हटलं की मी आजही गुलाबी भिंतींच्या वयाची होते. व्याह्यांनी परत आल्यावर भिंत बघितली आणि एवढंच म्हणाले, "भिंतीला रेनकोट घातलास रे."

दुसऱ्या दिवशी, ऐन आरतीत, रेनकोटाखाली घामेजलेली भिंत पुरीसारखी टम्म फुगली. फोड फुटला आणि एक पोपडा सरळ नैवेद्याच्या मोदकांवर पडला. टाळ थांबले. लेकीनं तराजूच्या आकड्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"दादा," धाकटा म्हणाला, "पोपडा."

व्याही तडक आत गेले. स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी रंग सोलून काढला, केळं सोलावं तसा. खाली चुन्याचा गिलावा जिथल्या तिथे. त्यांनी भावाचं बोट धरून भिंतीला लावलं. "चाख."

धाकटा मिठागरात वाढलेला. त्याला शिकवावं लागलं नाही. एकदा चाखलं. बाजूला सरकून पुन्हा चाखलं. मग हळूच म्हणाला, "अळणी हाय की रं, दादा."

"पडला तो रंग. भिंत नाय पडली."

"नाय पडली," धाकट्यानं कबूल केलं आणि स्वतःच टाळ उचलले. आरती संपल्यावर तीर्थाला लागावी तशी भावकी भिंतीपाशी रांगेला लागली.

आता त्या आकड्याला पाळणा आहे, पाळण्यात नात आहे, आणि आमची डोंबिवलीची बिल्डिंग, माझ्याहून वयानं कितीतरी लहान, पाडायला निघाली आहे. सळ्या गंजल्या म्हणे. नवी होईपर्यंत माझा मुक्काम कोठारात. सामान न्यायला व्याही स्वतः आले. रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी सवयीनं भिंतीला बोट लावलं, पण तोंडात घातलं नाही. नुसता हात फिरवला. "भिंतीचा काय दोष हो," म्हणाले. "ती बिचारी उभी राहिली तुमच्यासाठी."

ते टेम्पोकडे गेल्यावर मी इकडेतिकडे बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःची भिंत चाखली. चांगली खारट होती.

खाली उतरले तर ते वाट बघत होते. माझ्या बोटाला लागलेला गुलाबी रंग त्यांना दिसला. "मग?" त्यांनी विचारलं.

कितीही झालं तरी मी विहीण. म्हटलं, "मीठ जरा कमीच आहे."