शेळगावात ऐकू गेलेली माझी हाक

शेळगाव सोडलं त्या सकाळी पोराची गाडी दारात उभी होती आणि धाकटा भाऊ महादू उसाला पाणी देत होता. कारभारीण गेली, गुडघे धरले, म्हणून पोरगा मला पुण्याला नेत होता. महादू खांद्यावर खोरं टाकून बांधापर्यंत आला आणि हसत म्हणाला, “आबा, तितं तुमचं चित्त लागायचं न्हाय. आठ दिसात माघारी याल बगा.”

मला ते झोंबलं. “तू बोलावल्याबिगर ह्या बांधावर पाय ठेवणार न्हाय,” म्हणालो आणि गाडीत बसलो. काच खाली केली न्हाय.

तीन वर्षं झाली. चौथी शिकलेला माणूस मी, पण शब्दाचा पक्का. महादू फोनवर गाईचं, उसाचं सांगायचा. ‘या’ म्हणायचा न्हाय. ‘येऊ का’ मीही विचारलं न्हाय. आई म्हणायची, “माझी दोन्ही पोरं बाभळीची, वाकायची न्हाईत.”

इथं आठव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट, वॉचमन, पार्किंग, समदं कळतं आता. नळ फिरवला की पाणी येतं, कुणाला हाक मारावी लागत न्हाय.

नात सई बँडमधी ड्रम वाजवते. मागं वर्षभर आजारानं अंथरुणाला खिळली होती. उशाशी बसून मी तिला उसाचं सांगायचो. ऊस तोडला तरी बुडखा जिता असतो, पाणी मिळालं की पुन्हा फुटतो, त्याला आमी खोडवा म्हणतो. उठून बसल्यावर तिनं त्याचंच गाणं केलं. एकच गाणं काढलं, सिंगल म्हणतात त्याला. नाव ‘खोडवा’. मधी माझ्याच आवाजातली शेतातली हाक घातली.

त्या हाकेचं असं. उंच उसात दोन टोकांची माणसं एकमेकांना दिसत न्हाईत. महादू वरच्या टोकाला खोरं घेऊन, मी खालच्या. सरीतनं पाणी माझ्यापर्यंत पोचलं की मी ओरडायचो, “भरली रंऽऽ!” तो “व्हय आबाऽऽ!” म्हणून पाणी पुढच्या सरीत वळवायचा. चाळीस वर्षं हेच केलं.

सोसायटीतले एक रिटायर साहेब म्हणाले, “काका, हे गाणं आहे का भांडण?” पण पोरांनी गाणं डोक्यावर घेतलं. भवानीनगरच्या साखर कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टरवालेही मोठ्यानं लावायला लागले.

परवा महादूचा फोन आला, तणतणतच. “आबा, काय चालवलंय तुमी? रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, त्यातनं तुमी वरडला, ‘भरली रं’! मी ‘व्हय आबा’ म्हणून पाणी वळवलं की! खाली जाऊन बघतोय तर अर्धी सरी कोरडी. खुरपायच्या बाया हसत्यात मला.”

मी पोट धरून हसलो. तो हसला न्हाय. म्हणाला, “खालच्या टोकाला आता कोण नसतं, आबा. मीच पळत जाऊन बघतो. तुमी कोरडी ठेवलीया, तुमीच येऊन भरा.”

“आजोबा, हे बोलावणं झालं का?” शेजारी बसून ऐकणाऱ्या सईनं विचारलं. म्हटलं, माझ्या भावाच्या तोंडून ह्याच्यापरीस जास्त निघायचं न्हाय.

पुण्यात मी ओरडलो तर वॉचमन वर बघंल. शेळगावात एक माणूस अजून माझ्या आवाजावर पाणी वळवतो. शनिवारी आमची पाण्याची पाळी हाय, शुक्रवारीच निघतोय. काठी टेकत खालच्या टोकाला जाईन आणि सरी भरेपर्यंत तोंड उघडणार न्हाय.