भीड बाजूला ठेवणारे डॉक्टर

डॉ. रेमंड यांची माझी पहिली ओळख वसईच्या शाळेत, मी शिकवत होतो त्या सातवीच्या वर्गात झाली. मी फळ्यावरचे गणित चुकवले होते. पाचूबंदरहून येणारे रेमंड वर्गात गप्प राहिले, शाळा सुटल्यावर एकटे येऊन म्हणाले, "सर, तिसऱ्या ओळीत वजाबाकी चुकलीय."

पुढे ते डॉक्टर झाले आणि वसईतच दवाखाना काढला. लघवीची तक्रार घेऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला ते समजावत: मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वयानुसार वाढते, प्रत्येक वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, पण गुदद्वारातून बोटाने तपासल्याशिवाय आणि रक्ताची पीएसए चाचणी केल्याशिवाय खात्री देता येत नाही. एक वृद्ध मच्छीमार म्हणाले, "ही तपासनी नको रे बाबा, पानी तुंबलं तरी चालेल!" डॉक्टरांनी हसत हसत त्यांनाही खाटेवर झोपवलेच.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझीच लघवी अडू लागली. उमेळ्याहून रिक्षाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वाकून नमस्कार केला, गोळ्या लिहून दिल्या. तपासले मात्र नाही. मलाही हायसे वाटले. 'भीड भिकेची बहीण' हे मी वर्गात शेकडो वेळा शिकवले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः घरी आले. "सर, माझं चुकलं. दुसऱ्या कोणाला मी तपासल्याशिवाय सोडलं नसतं. तुम्ही सर, म्हणून हात धजला नाही."

मी चिडलो. ज्यांच्या तळहातावर छड्या मारल्या त्यांच्यापुढे हे? तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, मला तुमच्या मानापेक्षा तुम्ही हवे आहात."

मी तपासून घ्यायला तयार झालो. डॉक्टरांच्या बोटाला ग्रंथीत कठीण गाठ लागली. पीएसएही वाढलेले आले. मुंबईत बायोप्सी झाली. कर्करोगच निघाला, पण ग्रंथीबाहेर पसरला नव्हता. सात आठवडे किरणोपचार घेतले. मी फार घाबरलो होतो, हे आज कबूल करतो. डॉक्टर दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून थेट आमच्याकडे येत आणि माझ्या प्रश्नांना खोटा धीर न देता उत्तरे देत. मी आज हे लिहितो आहे ते त्यांच्यामुळे.

गेल्या महिन्यात ते आपल्या साठीच्या सत्काराला व्यासपीठावर बसण्याचे आमंत्रण मला द्यायला आले. मी विचारले, "रेमंड, तुझी तपासणी कोणी केली?"

डॉक्टर खाली बघू लागले. "वेळच मिळाला नाही, सर."

त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही देवाकडे प्रार्थना. पण हे काम मी नुसत्या देवावर सोडणार नाही. रेमंड, सत्काराआधी तपासून घे आणि रिपोर्ट मला आणून दाखव. त्याशिवाय मी व्यासपीठावर पाऊल ठेवणार नाही.