रूथताईच्या नावावरची रेघ

ताईच्या घरातली प्रार्थना बंद पाडली, तो रविवार होता. दुपारी मी चौकीत गेलो. तिथं मी जे बोललो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. गुडघे टेकून देवालासुद्धा नीट शब्दांत नाही. तुम्हाला सांगतो आहे — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी थोडं घरचं सांगावं लागेल. आम्ही मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आता खाडीकाठच्या बेलापूरला आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्च; तिचा मी सेक्रेटरी. सभासदांची वही माझ्याच ताब्यात असते. रूथताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला वाचायला ताईनंच शिकवलं. दाजी कंटेनर यार्डात सुपरवायझर, म्हणून ती दोघं बंदराजवळ द्रोणागिरीला राहायला गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर तिथल्या एका नव्या प्रार्थनागटात रमली. दोघांनी समुद्रात उतरून दुसरा बाप्तिस्मा घेतला. "लहानपणी नुसते चार थेंब शिंपडले होते रे," ताई जेवताना म्हणाली, "मी काय कोथिंबिरीची जुडी आहे?"

सगळे हसले. मी नाही हसलो. ते थेंब पडले तेव्हा तिला हातांत घेऊन आई उभी होती — ते सगळं फुकट होतं का?

आमच्यात नियम आहे. दुसरा बाप्तिस्मा घेतला की नाव कमी करायचं. मंडळीच्या पंचांसमोर विषय ठेवायचा, नावावर लाल रेघ मारायची, बाजूला तारीख घालायची. दाजींच्या नावाचा प्रश्न नव्हता, ते दुसऱ्या मंडळीतले. ताईचं मात्र मी दोन वर्षं टाळलं. प्रेमापोटी, असं स्वतःला सांगत होतो. त्या रविवारी तिचं नाव आमच्या वहीत होतं.

सकाळी तिच्या घरात पंधराएक माणसं गात होती. खालून जमाव आला. इथं धर्मांतर चालतं, असं त्यांचं म्हणणं. ताईला आणि दाजींना चौकीत नेऊन बसवलं. मी पोहोचलो तेव्हा ती बाकावर होती, पदर मुठीत धरून. मला पाहून तिचा चेहरा सैल झाला. "आला माझा भाऊ," ती शेजारच्या बाईला म्हणाली.

हवालदार वाईट नव्हते. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं. "सर, तुमचं चर्च जुनं, सगळे कागद असलेलं. बाई मुळातल्याच ख्रिश्चन, तुमच्या मेंबर, एवढं लेटरहेडवर द्या. मी सांगतो त्या पोरांना, घरगुती प्रार्थना होती. विषय संपला."

एक ओळ. लिहायला कितीसा वेळ लागला असता?

मी म्हणालो, "त्यांचा आमच्या चर्चशी काही संबंध नाही."

भीती वाटली, असं लिहिलं तर तुम्ही समजून घ्याल. भीती होतीच. उद्या तोच जमाव आमच्या फाटकाशी आला तर? पण घाबरलेला माणूस अडखळतो — मी अडखळलो नाही. वाक्य जणू दोन वर्षं तयार होतं. आणि ते बोलताना आत कुठंतरी बरं वाटलं. आता कळेल हिला, चार थेंबांची किंमत काय असते. सख्ख्या बहिणीबद्दल मला असं वाटलं.

बाहेर येऊन तिला सांगितलं, "खूप सांगून पाहिलं, ऐकत नाहीत." ती म्हणाली, "राहू दे. तू आलास, पुष्कळ झालं."

तिथून मी थेट चर्चमध्ये गेलो. वही काढली. तिच्या नावावर रेघ मारली आणि तारीख घातली — दोन वर्षांपूर्वीची. माझं वाक्य खरं ठरावं म्हणून.

दोघांवर गुन्हा नोंदला गेला. घरमालकानं महिन्याभरात घर खाली करून घेतलं. ती दोघं जवळच जासईत एका खोलीत राहायला आली. गट पांगला. पुढच्या वर्षी ताईच्या हृदयानं साथ सोडायला सुरुवात केली. इस्पितळात तिनं मला एकच मागितलं, "मला आपल्या चर्चमधून ने हं. आईला नेलं तसं."

ती गेली तेव्हा पाळक तयार होते. त्यांनी फक्त विचारलं, "नाव आहे ना वहीत?" नियम बाजूला ठेवायचा तर वही पंचांसमोर उघडावी लागली असती. ठराव नसलेली रेघ, खोटी तारीख, माझं अक्षर. मी म्हणालो, "नाही." पाळकांनी मान खाली घातली. दाजींनी तिला त्यांच्या गावी नेऊन माती दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी पंचांनी दुसऱ्या बाप्तिस्म्याचा नियम सैल केला. अशा दिवसांत आपण ख्रिस्ती माणसांनी वेगवेगळं राहून चालणार नाही, असा ठराव झाला. तो लिहिला मीच.

दाजी आता एकटे आहेत. दर रविवारी ते आमच्याकडे येतात, माझ्याच बाकावर बसतात. प्रभुभोजनाला माझ्या शेजारी गुडघे टेकतात आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतात. त्यांना वाटतं, त्या दिवशी मी प्रयत्न केला होता.