तळहातावरचा थेंब

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला सगळे आचारीणबाई म्हणत. अडीचशे माणसांचं दुपारचं जेवण, दोन मोठ्या शेगड्या, एक वाफेचं पातेलं आणि तिचे दोन हात. बारा वर्षांत तिचं जेवण कधी उशिरा गेलं असेल, पण खारट किंवा अळणी गेलं नव्हतं.

गेले सहा आठवडे मात्र ती स्वतः शिजवलेल्या त्या जेवणातला घासही खात नव्हती.

मुलगी पाच महिन्यांची. बाप तिला मुंगी म्हणायचा, कारण जन्मली तीच मूठभर आणि नंतरही वजनकाट्याला दाद देईना. तिसऱ्या महिन्यात लंगोटात रक्ताचे धागे दिसायला लागले. पाजलं की मुंगी पाय पोटाशी ओढून रडे, रडून थकली की झोपे, उठली की पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "दूध आणि सोया. तुम्ही खाता ते तुमच्या दुधात उतरतं, आणि हिच्या आतड्याला ते सोसत नाही. दोन्ही पूर्ण बंद. थेंबसुद्धा नको."

तिने ते शब्दशः मनावर घेतलं. दुकानात मुंगीला खांद्यावर टाकून ती पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत उभी राही. पावात सोयाचं पीठ, बिस्किटात दुधाची भुकटी, सूपच्या वडीत दोन्ही. दुकानदार एकदा म्हणाला, "बाई, वाचून झालं की जागेवर ठेवा. वाचनालय नाही हे." तिला हसू यायला हवं होतं. हसण्यापुरतंही अंगात काही उरलं नव्हतं.

घरात तिचा तवा वेगळा झाला, चमचा वेगळा, भांडी घासायचा काथ्या वेगळा. ती भात खाई, उकडलेले बटाटे खाई, सफरचंद खाई, कोरा चहा पिई. नवऱ्याने दह्याच्या तोंडाने मुंगीचा मुका घेतला म्हणून ती त्याच्यावर अशी खेकसली, की तो बिचारा दोन दिवस मुलीला हात लावण्याआधी चूळ भरत होता. एका वहीत ती रोज काय खाल्लं ते लिही. वही इतकी कंटाळवाणी होती की तीच तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होती.

आणि तरी रक्त थांबेना.

"शुक्रवारी शेवटचं बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तोवर थांबलं नाही, तर अंगावरचं बंद करू आणि डब्यातली खास पावडर सुरू करू. पुष्कळ मुलं त्यावर वाढतात. जिवाला लावून घेऊ नका."

तिने जिवाला लावून घेतलं, असं घरातल्या सगळ्यांना वाटलं. खरं काय ते तिलाच ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती शुक्रवारची वाट बघत होती. शुक्रवारी आपण हरणार आणि हरलो की सुटणार. लोणी लावलेला पावाचा तुकडा आणि दुधाचा चहा, खिडकीपाशी उभ्याने. इतकंच तिने ठरवून ठेवलं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सासूबाई तीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होत्या. निवृत्त झाल्या, तरी माणसाकडे बघायची रीत तीच राहिली. आधी चेहरा, मग हात. पहिल्या महिन्यात त्यांनी सुनेला सरळ विचारलं होतं, "चोरून खातेस का काही?"

"नाही आई."

"माझ्याकडे बघून सांग."

तिने बघून सांगितलं. सासूबाई मान हलवून म्हणाल्या, "फुकट्या असतो तो आधी खिडकीबाहेर बघतो. तू नाही बघितलंस. म्हणजे खातेस तर, पण तुला ठाऊक नाही."

मग कारखान्यातलं बॉयलर बिघडलं आणि कॅन्टीन चार दिवस बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी मुंगीचा लंगोट स्वच्छ निघाला. चौथ्या दिवशीही. सोमवारी कॅन्टीन उघडलं, आणि मंगळवारी संध्याकाळी धागे परत आले.

"घरात नाही," सासूबाई लंगोट उजेडात धरून म्हणाल्या. "तुझ्या कॅन्टीनमध्ये आहे."

"तिथे मी माझा डबा खाते, आई. पाणीसुद्धा घरचं नेते."

"उद्या मी येते."

एरवी त्या दहा वाजता आणि दोन वाजता मुंगीला कॅन्टीनच्या मागच्या दारी पाजायला आणत. बुधवारी त्या साडेसातलाच आल्या, भाजीचा रिकामा क्रेट दाराशी पालथा घातला आणि मुंगीला मांडीवर घेऊन बसल्या. भांडी घासणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय ताई, आज तपासणी वाटतं?"

"तुम्ही तुमचं घासा," सासूबाई म्हणाल्या. "तिकीट असेल तर घाबरायचं काय कारण?"

त्या दिवशी भाज्यांचं सूप होतं, दूध-लोण्यात घोटलेले बटाटे आणि सोयाच्या तुकड्यांचं कालवण. तिचं काम घड्याळासारखं चाललं होतं. साडेनवाला सूपला उकळी आली. दहाला तिने हात धुऊन, पदर सावरून, मुंगीला पाजलं आणि पुन्हा शेगडीकडे गेली. सासूबाई क्रेटवरून तिच्या हातांकडे बघत होत्या. साडेअकराला, ती बटाट्यांच्या पातेल्यावर वाकलेली असताना, त्यांनी हाक मारली.

"आत्ता काय केलंस?"

"कुठे काय केलं? बटाटे घोटते आहे."

"हात बघ."

तिने डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याखालचा मांसल भाग ओला चमकत होता. उजव्या हातात पळी. जिभेवर मीठ, आणि मिठामागे लोणी.

बारा वर्षं ती असंच करत आली होती. पळीतला थेंब तळहातावर, तळहात तोंडाशी, मग चिमूटभर मीठ किंवा काही नाही. हे खाणं नव्हतंच. नाडी बघणारा थोडंच म्हणतो, की मी रोग्याचा हात धरला. वहीत ते लिहायचं तिला कधी सुचलंही नव्हतं.

"सतरा वेळा," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून."

"पहिल्याच वेळी का नाही बोललात?"

"एकदा केलं तर चूक असते. मला सवय बघायची होती."

ती पातेल्यापाशीच उभी राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, सापडलं एकदाचं. पण आतून आलं ते वेगळंच. सहा आठवडे फुकट गेले. आणि शुक्रवारही गेला. तो पाव, तो चहा, ती खिडकी.

"आई," ती म्हणाली, "मी शुक्रवारी सुटणार होते."

सासूबाईंनी मुंगीच्या पाठीवर थोपटणं थांबवलं नाही. "मग सुट की. पावडरचा डबा मी आणते. कोण अडवतंय? मी नाही अडवणार, आणि तुझ्या नवऱ्याची काय टाप आहे."

मावशींनी नळ बारीक केला. कुणीतरी अडवायला हवं होतं, म्हणजे चिडता आलं असतं. कुणी अडवत नव्हतं. तिला ते दोन लंगोट आठवले, तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे, पिवळे आणि साधे. ते बघितलेच नसते तर बरं झालं असतं.

तिने मागच्या दाराबाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. घडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं कुणी मला आजवर सांगितलं नव्हतं. बरं. मग आजपासून धरू. आणखी दोन आठवडे."

"आजपासून," ती म्हणाली.

आत येऊन तिने पुसायचं एक स्वच्छ फडकं फाडलं, डाव्या तळहाताभोवती गुंडाळलं आणि दातांनी गाठ मारली. वाढपी आत डोकावला. "भाजलं का, आचारीणबाई?"

"हो."

कालवण व्हायला आलं होतं. तिने पळी उचलली, आणि हात आपोआप पुढे आला. थेंब फडक्यावर पडला, पसरला, तपकिरी डाग झाला. ती त्या डागाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, जरा इकडे या."

मावशी हात पुसत आल्या. त्यांनी चमच्याने चाखलं, डोळे मिटले, उघडले.

"बरं आहे."

"मीठ?"

"बरं आहे म्हटलं ना."

"कमी आहे की बरोबर आहे?"

"मला काय विचारतेस, माझ्या घरी कुणी विचारत नाही मला," मावशी म्हणाल्या आणि परत भांड्यांकडे गेल्या. सासूबाई क्रेटवर बसल्या बसल्या हसल्या, बऱ्याच दिवसांनी.

तिने अंदाजाने अर्धी मूठ टाकली आणि झाकण ठेवलं. आंधळ्याने उंबरा ओलांडावा, तसं वाटलं. बारा वाजता अडीचशे माणसं जेवली. एकाने मीठ मागून घेतलं. बाकी कुणी काही बोललं नाही.

दोन वाजता तिने फडकं सोडलं. त्यावर नऊ डाग होते. ते धुऊन, पिळून तिने खिळ्यावर टाकलं, उद्याला लागणार होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, चूळ भरली, पुन्हा भरली, आणि क्रेटवर बसून मुंगीला घेतलं. मुंगी चिकटली. एका हाताने तिने आईचा डावा अंगठा धरला, जिथे सकाळी बटाट्याचा थेंब होता, आणि सोडला नाही.

"वही कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"पिशवीत."

त्यांनी वही काढली, कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं. "सांग."

"सकाळी भात," ती डोळे मिटून म्हणाली. "कोरा चहा. आणि सतरा थेंब."

सासूबाईंनी लिहिलं. मग त्याखाली एक रेघ ओढली आणि रेघेखाली लिहिलं, दिवस १.