चुडा भरणारे चाचा

तुळजापूरच्या बांगडीवाल्या चाचांमुळं माझं लग्न लागलं. परवा इथं सुरतेत शेजारणीच्या हातात हिरवा चुडा बघितला आणि तो दिवस डोळ्यांपुढं आला. सातवीत शाळा सुटल्यावर शिवणच हाती होतं, म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचा अंतरपाट मीच शिवला होता. तुळजापुरातल्या एका लॉजच्या गच्चीवर मोजकी माणसं, भाकरी, आमटी, बँडबाजा न्हाय, असं लग्न मी आणि माझ्या नवऱ्यानं मनानं ठरवलेलं. दोघांची जात वेगळी, त्यामुळं माझ्याकडून एकटे मामाच येणार होते. लग्नाच्या सकाळी चाचा तिथंच मला बांगड्या भरत होते, तेवढ्यात मामांचा फोन आला. “पोरी, मला येता येत न्हाय. तिथं गेलास तर बहिणीचं तोंड बघू देणार न्हाय, म्हणतोय तुझा बाप.” मी हात मागं ओढला आणि एक बांगडी पिचली. “फुटली न्हाय, वाढली म्हणायचं, बेटी,” म्हणत चाचांनी तुकडे रुमालात गोळा केले. भटजींनी विचारलं, “नवरीच्या मागं मामा कोण उभं राहतंय?” चाचा उठले, टोपी सारखी केली. “मी राहतो. महाराज, चालत नसंल तर तिकडं तोंड करून मंगलाष्टकं म्हणा.” भटजी खाली बघत अक्षता वाटायला लागले. अंतरपाट धरला, तेव्हा चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत काढला न्हाय. आई अजून माझा फोन उचलत न्हाय. फोन वाजला की वाईटच बातमी असंल, असं वाटतं. आता चाचांच्या नातीचं लग्न ठरलंय. कामावर खाडा पडला तरी मी तुळजापूरला जाणार आणि तिच्या मागं उभी राहणार.