सुदामच्या नावाचे गहू

श्रावणातल्या ओलसर दुपारी ताज्या दळणाचा उबदार वास आला, की मला धुळ्याची आमची गल्ली आठवते आणि गल्लीसोबत ती बदनाम टोळीही. पिठाच्या गिरणीसमोरच्या ओट्यावर माझा थोरला भाऊ आणि त्याचा जिवलग सुदाम सात-आठ सोबत्यांसह बसलेले असत. पोलिसांच्या दप्तरी ती ‘गिरणी गँग’ होती, आमच्या लेखी मात्र नुसती ‘पोरं’. आखाड्यातली दोस्ती गणपतीच्या मिरवणुकीत शिरली, मिरवणुकीतल्या धक्काबुक्कीतून शेजारच्या गल्लीशी वैर आलं, आणि ऐंशीचं दशक सरता सरता त्यांच्या हातांत सायकलच्या साखळ्या कधी आल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढं मोठं नाव झालेली ही माणसं माझ्या मायपुढे मात्र मांजर होऊन जेवायला बसत.

सुदामला स्वतःचं कुणीच नव्हतं. तीन वर्षं तो दोन्ही वेळा आमच्याकडेच जेवला. माय ताटं मांडताना एका सुरात हाका मारी, “आप्पा, नाना, भाऊ, सुदाम!” आप्पा म्हणजे वडील, नाना म्हणजे काका. त्या चार नावांच्या लयीत घराची संध्याकाळ उतरत असे.

मग टोळी फुटली. पुढारपण कुणाचं, या फुटकळ प्रश्नावरून सुदाम अर्धी पोरं घेऊन पलीकडच्या चौकात गेला. भाऊच्या गादीखाली गुप्ती आली, आणि दोघांपैकी एक जण हा श्रावण पार करणार नाही, असं गल्ली उघड बोलू लागली. मला भाऊची अतोनात भीती वाटे आणि त्याच्यासाठी त्याहून जास्त.

त्याच श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसायची होती. खानदेशात देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात, आणि तो रोट भाऊबंदांबाहेरच्या कुणालाही देत नाहीत. माय सुपापुढे बसली होती. आप्पा म्हणत तिनं गहू घातले, नाना म्हणत घातले, भाऊ म्हणत घातले, आणि जेवणाच्या हाकेची सवय लागलेली तिची जीभ थांबलीच नाही. सुदामच्या नावाचे गहूही सुपात पडले. आत्यानं कपाळावर हात मारला. परक्याचा रोट घरात, आणि देवीच्या नावानं मोजलेलं धान्य तर परत काढता येत नाही! माय दाणे सुपात सारखे करत दारात उभ्या भाऊला म्हणाली, “त्यानं नाव लिधं मी. त्याना रोट त्यालेच खाना पडी. जाय, त्याले बलाई लय.”

रोटांच्या दिवशी, रविवारी, भाऊ रिकाम्या हातांनी पलीकडच्या चौकात गेला. तो गेला तेव्हापासून परतेपर्यंत मी देवीच्या फुलोऱ्याकडे पाहत श्वास मोजत होते, पुरण कधी शिजलं ते मला कळलंसुद्धा नाही.

दोघं आले. मधे चार हातांचं अंतर राखून, एकमेकांकडे न पाहता आले. सुदाम उंबऱ्याशी घुटमळला. मायनं पाट मांडला, रोट वाढला, वर तुपाची धार धरली. त्या दणकट माणसानं ताटातल्या अख्ख्या रोटाकडे बघत बारीक आवाजात विचारलं, “माय, हाऊ बठ्ठा मना शे?”

“तुनाच शे. खाय.”

तो खाली मान घालून जेवला, शेवटच्या कणापर्यंत. भाऊ समोर बसून होता. त्या दिवसानंतर साखळ्या निघाल्या नाहीत. पोरं हळूहळू पांगली, कुणी रिक्षा घेतली, कुणी भाजीचा गाडा लावला. जुने गुन्हे मात्र पांगत नाहीत. सुदामला जिल्ह्यातून तडीपार केलं, आणि तो एरंडोलला एका गॅरेजात कामाला लागला.

तीन वर्षांनी तिथंच तो काविळीनं गेला. माझी हळद आठ दिवसांवर आली होती. भाऊ जाऊन त्याला अग्नी देऊन आला आणि मायनं शांतपणे सांगितलं, “आपला रोट खादा त्यानी. सुतक आपले शे.” लग्न पुढे ढकललं गेलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एका गुंडासाठी माझ्या हळदीचा मुहूर्त मोडला म्हणून मी रात्रभर रडले.

दहाव्या दिवशी भाऊ डोकं भादरून अंगणात बसला. मी आंघोळीचं पाणी घेऊन गेले. कोवळ्या उन्हात त्याच्या उघड्या टाळूवर एक लांबट, पांढुरका वण दिसला, साखळीच्या कड्यांची नक्षी उमटलेला. वैराच्या त्या महिन्यांत कधीतरी सुदामनं हाणलेला तो घाव भाऊनं केसांखाली दडवून ठेवला होता, मायला कळू नये म्हणून. तो त्यावरून एक बोट सावकाश फिरवत होता. अजून दुखतंय का, मी विचारलं.

“आते दुखस,” तो म्हणाला.